ह्यांचं लहानपण आणि माझा ओटा

२ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात आले तर हे मिक्सरची वायर गुंडाळून ठेवत होते. बिघडला का म्हटलं, तर म्हणाले, "मिक्सरच्या चटणीला चव नाय. आमच्या लहानपणी पाट्यावर वाटायचे. नुसती बोटं चाटत बसायचो."

हे जानेवारीत निवृत्त झाले. तेव्हापासून बजाजनगरच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो: मी, हे आणि ह्यांचं लहानपण. सगळ्यात जास्त जागा लहानपणाला लागते. वाळूजच्या कंपनीत होते तोवर पाळ्यांपायी मान वर करायला फुरसत नव्हती. घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. आता उठल्यापासून सुरू. फ्रिजचं पाणी नको, घसा धरतो. गादी नको, पाठ धरते. टीव्ही नको, डोकं धरतं. लासूर स्टेशनच्या पलीकडचं ते गाव, वडिलांची मेंढरं, घोंगडीवरची झोप, तांब्याभर ताक. ते ताक मी कधी प्यायले नाही, पण ऐकून ऐकून मला ते पाठ झालंय.

मी नुसतं हूं म्हटलं. मी गप्प राहिले की ह्यांना वाटतं, हिला पटलं.

४ मार्च

मुकुंदवाडीला भावाकडं गेले होते. त्याच्या गच्चीवर आईचा पाटा-वरवंटा पालथा पडला होता. रिक्षात घालून घेऊन आले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, घर बांध रहे क्या?" जिन्यानं वर चढवताना खालच्या मजल्यावरच्या विश्वजीतची कंबर धरली. त्याला नंतर बाम नेऊन दिला.

पाटा स्वच्छ धुतला. आईचा म्हणून हळद-कुंकू वाहिलं, मग ह्यांच्या पुढ्यात मांडला. लाल मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ. हे खुशीत मांडी घालून बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिले.

"वाट ना," हे म्हणाले.

"मी कशी वाटू? तुमच्या लहानपणी मी कुठं होते?"

"अगं, आई वाटायची. आक्का वाटायची."

"त्या दोघी आत्ता इथं नाहीत. तुम्ही आहात."

वाटली बिचाऱ्यांनी. चटणी झाली मात्र झकास, मिक्सरपेक्षा कितीतरी चांगली. ते मी ह्यांना सांगितलं नाही. पुढं ह्यांनी त्याच हातानं डोळा चोळला आणि बेसिनपाशी उभं राहून आईची आठवण काढत राहिले. संध्याकाळी मिक्सर आपल्या जागेवर आला होता. कोणी ठेवला ते मी विचारलं नाही.

७ मार्च

परवा रात्री जेवताना नवीनच निघालं. "आमच्या लहानपणी चहा रोज नसायचा. पाहुणा आला तरच व्हायचा. म्हणून तर माणसं ठणठणीत होती."

मी काल सकाळपासून ते लागू केलं. हे पेपर घेऊन बसले. पेपर उलटा, सुलटा, पुन्हा उलटा. शेवटी म्हणाले, "चहा?"

"पाहुणा आला की टाकते."

उठले, चपला घातल्या, खाली गेले आणि विश्वजीतला घेऊन आले. तो कंबरेवर हात ठेवून दारात उभा. "घे, पाहुणा आला!" चहा टाकावा लागला. थोड्या वेळानं इस्त्रीवाला आला. दुपारी सिलिंडरवाला. त्याला घाई होती, पण ह्यांनी त्याचा हात सोडला नाही. आज सकाळी तर वॉचमन स्वतःच वर येऊन विचारायला लागला, "काकांनी बोलवलंय का?"

पत्ती संपली. नियम मागं घेतला. हार मानली असं लिहायचं नाही, पत्ती संपली असंच लिहायचं.

९ मार्च

आज हसू आलं नाही.

दुपारी संघपाल नावाचा एजंट आला, हातात दोन मोबाइल. हे त्याला खोल्या दाखवायला लागले. मला वाटलं, भाड्याचं काही असेल. तर हे शांतपणे म्हणाले, "फ्लॅट काढायचा म्हणतोय. गावात आक्काच्या घराशेजारी आपली जागा पडून हाये. तिथं दोन खोल्या बांधू, थोडी मेंढरं घेऊ. लहानपणी होतो तसं राहू."

संघपाल म्हणाला, "काकू, टेन्शन मत लो. बजाजनगर में रेडी घर को लई डिमांड है. पाडव्याला पार्टी आणतो."

तो गेल्यावर मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. लग्नानंतर ह्याच बजाजनगरात पत्र्याच्या खोलीत कित्येक वर्षं काढली. नळ चौकात, चूल जमिनीवर. मग हा फ्लॅट घेतला. मिस्त्री ओटा सगळीकडं करतात तेवढ्या उंचीचा करत होता. हे कंपनीतून सुट्टी काढून आले, मला भिंतीला उभं केलं, माझ्या कोपराच्या खाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि मिस्त्रीला म्हणाले, इथवर. मी बुटकी. जन्मात पहिल्यांदा स्वयंपाक करून माझे खांदे भरून आले नाहीत. आणि आता हाच माणूस मला चुलीपुढं उकिडवं बसवायला निघालाय. हा ओटा सोडून मी जाणार नाही. नाही म्हणजे नाही.

पण भांडले नाही. भांडलं की ह्यांना जोर चढतो. सत्यमला पुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आई, बाबांना करू दे ना त्यांच्या मनासारखं." पोटचा पोरगा, पण बापाच्या पक्षाचा.

१० मार्च

म्हणून आक्कांना फोन लावला. आक्काबाई ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच कपाळ पांढरं झालं आणि आई-वडिलांकडं परत आल्या. तेव्हापासून त्याच घरात. वडिलांमागं त्यांची मेंढरंही ह्याच राखतात. आक्का रागावल्या तर हे वळतील, असा माझा हिशोब.

"आक्का, तुमचे भाऊ तिकडं राहायला यायचं म्हणतायत. जरा चार शब्द सुनावा."

पलीकडं मेंढरांचा गलका तेवढा ऐकू आला. मग आक्का म्हणाल्या, "येऊ दे की. मी तिकडं येते."

"तिकडं म्हणजे?"

"तुह्या घरी. त्यानं आठ दिस मेंढरं राखावी, मी आठ दिस नळाच्या पाण्यानं आंघोळ करते. कळू दे त्याला."

हे तर हरखले. "मेंढरं काय, आपल्या रक्तातच हायेत!" मी बॅग भरली. गुडघ्याचा पट्टा ठेवला, ह्यांनी काढला. मी पुन्हा खाली, बनियनच्या घडीत ठेवला.

१६ मार्च

आज अदलाबदल झाली. आक्का बसनं आल्या. एका हातात बाजरीच्या पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. काठी काही केल्या खाली ठेवत नव्हत्या. शेवटी टीव्हीपाशी उभी केली.

हे निघताना आक्कांनी बजावून सांगितलं, "कडुबाच्या रानात मेंढरं बसवायचं बोलणं झालंय. शुक्रवारी रातच्याला तिथं ने." रात्रीचा कळप शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात बसवायचा, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत त्या जमिनीला. बदल्यात शेतकरी धान्य देतो आणि राखणाऱ्याला त्या रात्री भाकरी आणून घालतो. धनगराघरी हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

"मला सांगतीस व्हय?" हे म्हणाले. "त्या रानात खेळलोय मी. डोळं झाकून जाईन."

डोक्याला मुंडासं बांधून गेले. मी बाल्कनीतून बघत होते. रिक्षात बसताना मुंडासं वर टपाला अडकून पडलं, ते खाली उतरून पुन्हा बांधलं. मी बराच वेळ बघत होते, पण ते रिक्षा कुठं वळली ते बघायला.

१८ मार्च

आक्का गिझर सोडेनात. आत गेल्या की नळ चालू आणि ओव्या चालू. बाहेर येऊन म्हणाल्या, "शीला, ह्याच्या खाली जाळ कोण घालतं?" बटण दाखवलं. त्यांनी ते चार-पाच वेळा चालू-बंद करून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हंजी धूर नाय, फुकणी नाय, डोळं नाय गेले कोणाचे." आणि परत आत गेल्या.

रिमोट त्यांना लगेच जमला. मालिकेतल्या सासूला काठी दाखवून शिव्या देतात. संध्याकाळी मात्र उन्हं उतरली की बाल्कनीत जाऊन "हिर्रर्र... हा हा हा" अशी हाक घालतात. गल्लीतली सगळी कुत्री खाली गोळा झाली. विश्वजीतची बायको विचारायला आली, काही हरवलंय का. आक्का म्हणाल्या, "नाय बाई, सवय हाये."

ह्यांचा फोन आला. लई मजा हाये म्हणाले. फोटो पाठवला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, चेहरा विजयी. मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. पायजम्याच्या वर गुडघ्याचा पट्टा होता.

२० मार्च

आज आक्कांच्या डोक्याला तेल लावलं. आधी नको नको म्हणत होत्या. मग खाली बसल्या, डोळे मिटले. मी निवांत चोळत होते. मध्येच म्हणाल्या, "माहेरला जाणं म्हंजी असं असतं व्हय?"

मला कळलं नाही. त्यांनीच सांगितलं. गावातल्या लेकी दिवाळीला यायच्या. आयतं ताट, आयतं तेल-पाणी, चार दिवस लोळायचं. आक्का बघत बसायच्या. "मी जन्मभर माहेरातच ऱ्हायले ना बाई. म्हणून मला माहेरच नाय. जाऊ कुठं?"

माझ्या हातातली बाटली कलंडली. त्यांच्या पाठीवर तेल ओघळलं, त्यावरून दोघी हसलो. नंतर मी त्यांच्यासाठी माझ्या ओट्यावर पुरण घातलं. पाट्यावर वाटलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. हे इथं नाहीत तेच बरं, नाहीतर वर्षभर ऐकवलं असतं.

२२ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

चहा घेत होतो तेवढ्यात आक्कांचा मोबाइल वाजला. गावातून कडुबा. स्पीकर चालूच होता.

"आक्काबाई, काल मी भाकर घेऊन रानात बसून बसून घरी गेलो. कुठंयेत तुमची मेंढरं?"

आक्कांनी ह्यांना फोन लावला. हे अगदी मजेत.

"बसवली की! कडुबाच्या रानात, लिंबाच्या अलीकडं. सकाळी बगितलं, रान कसं काळंभोर झालंय. आणि तिथं बन्सी भेटला गं! शाळेत माझ्या बाकावर होता. भरीत-भाकर घेऊन आला. लई गप्पा झाल्या."

आक्कांनी कप खाली ठेवला. "कुठला लिंब?"

"पाटाजवळचा."

"आरं मल्हाऱ्या! तो लिंब रस्त्याच्या कामात तोडून जमाना झाला. तू म्होरच्या लिंबापाशी गेलास. ते बन्सीचं रान हाये! तू माही मेंढरं रातभर बन्सीच्या रानात बसवलीस!"

ह्या बन्सीनं आक्कांचा बांध कोरला होता. तेव्हापासून आक्का त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्या रानावरून वाराही आला तर पदर तोंडाला लावतात. आणि त्याला अख्ख्या कळपाचं खत, न मागता, घरपोच!

"त्यानं सांगितलं नाय व्हय तुला?"

"नाय... भाकर घाल म्हणायच्या आधीच घेऊन आला."

"आयतं खत पडायलंय म्हणल्यावर तो कामून बोलंल?"

मला हसू आवरेना. तोंडावर टॉवेल धरून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. बाहेर आले तर आक्का काठी घेऊन दारात उभ्या. "मी निघते. हा अजून दोन दिस ऱ्हायला तर मेंढरंबी बन्सीच्या दावणीला बांधंल."

त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना नवी साडी दिली आणि तांदूळ, खोबरं, खण घेऊन ओटी भरायला बसवलं. आक्का मागं सरकल्या. "अगं, माही? माही नसती भरत."

"इथं कोण बघतंय?" म्हटलं आणि दार लावून भरली. त्या पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. मला फार बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. जाताना म्हणाल्या, "मल्हारीला सांगतेच, गावाला यायचं तर पाव्हणा म्हणून ये. ऱ्हायला आलास तर टंगडं मोडीन." ह्याहून चांगले चार शब्द मला हवेच नव्हते.

२४ मार्च

हे परत आले. उन्हानं रापलेले, तळपायाला फोड, कपड्यांना मेंढरांचा वास. सोबत बन्सीनं दिलेली बाजरी, आक्कांनी दारातही ठेवू दिली नाही म्हणून इकडं आणलेली. मी पाणी तापवून दिलं. गिझरचंच. हे बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

मला वाटलं होतं, आता मस्करी करून सोलून काढायचं. तयारी करून ठेवली होती. जेवताना सुरुवात केली, "काय मग, डोळे झाकून गेलात म्हणे?"

हे म्हणाले, "उघडे होते गं. टॉर्च होती, चांदणं होतं. समदं बगत बगत गेलो. एक बी गोष्ट जागेवर नाय. इहीर बुजवलीय. ओढ्यावर पत्र्याचं गोदाम हाये. तो लिंब तेवढा दिसला, मला वाटलं, हा तरी ऱ्हायलाय. त्याच्या बुडाशी जाऊन बसलो. तोबी दुसराच निघाला."

नंतर ताटातली भाकरी निमूट खाल्ली. चूक झाली की माणूस असंच लांबण लावतं, मला ठाऊक आहे. पण मग मस्करी तशीच राहिली.

२७ मार्च

फ्लॅटचं नाव नाही. मीही काढत नाही. संघपालचा मात्र फोन येऊन गेला, पाडव्याला पार्टी पक्की. हे आत जाऊन बोलले, "शब्द दिलाय खरा..." एवढंच ऐकू आलं. म्हणजे विकायचंच आहे. गाव नाही तर आणखी कुठं घेऊन जातील. रात्री दोनदा उठून ओटा पुसला.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड केलं. अकराला संघपाल हजर, सोबत मोनाली नावाची मुलगी आणि तिचा नवरा. दोघं नवीन लग्न झालेले, कंपनीतलेच.

मी मनात ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पाणी देऊन आत उभी राहिले. आणि हे सुरू झाले. असं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"पाण्याचं काय सांगावं, आलं तर आलं. वरचे रातच्याला खाट ओढतेत. कबुतरं तर इतकी की गुढीवर बसंनात म्हणजे मिळवली. आणि ओटा बगूच नका. लई बुटका. पाठ मोडंल तुमची."

माझं डोकंच फिरलं. विकायचं तर विका, पण माझ्या घराला नावं ठेवता? मी तरातरा बाहेर आले. मोनालीचा हात धरून सगळं घर दाखवलं. नळ सोडून दाखवला. कपाटं उघडून दाखवली. पूर्वेचं ऊन कुठं पडतं, पापड कुठं वाळतात, गच्चीवरचा वारा, एक म्हणून सोडलं नाही. ह्यांना मागून खोकला आला होता. हे डोळ्यांनी मला सारखं काहीतरी खुणावत होते, मी लक्षच दिलं नाही. शेवटी ओट्यापाशी नेलं. मोनाली माझ्याच उंचीची. उभी राहिली, हात टेकवले आणि ओरडली, "अय्या, हा तर माझ्याच मापाचा आहे!"

नवऱ्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तो भाव. आजच टोकन देतो. मुहूर्त चांगला आहे."

संघपालनं टाळी दिली. "डन समझो!"

हे कपाळाला हात लावून माझ्याकडं बघत होते. मला कळेना मी काय करून बसले. तीन आठवडे मी किती कारणं जमवून ठेवली होती: माझी पाठ, माझी भिशी, सत्यमचं येणं-जाणं. त्यातलं एकही आठवलं नाही. तोंडातून निघालं ते भलतंच.

"नाही देता येणार. हे आमच्या आक्कांचं माहेर आहे. बाईचं माहेर कसं विकायचं?"

संघपाल म्हणाला, "काकू, कौन सा माहेर? फ्लॅट तो आपका है." पण त्याचं ऐकायला कोणी नव्हतं. हे उठले आणि म्हणाले, "ती म्हणतीय ते खरं हाये. श्रीखंड खाऊन जा समदे." आणि बाल्कनीत निघून गेले.

मोनालीला वाढून दिलं, ओट्याचं माप कागदावर काढून दिलं. सगळे गेले तरी हे आत येईनात. काय करताय विचारलं, तर पाठमोरेच म्हणाले, "कबुतरं हाकलतोय."

जाऊन बघितलं. गुढी होती, ऊन होतं, एकही कबुतर नव्हतं. आणि ह्यांच्या डोळ्यांना सारखं पाणी येत होतं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलं पाहिजे.